चौदाशे कनेक्शन, उत्तर एकही नाही

प्रश्न : एक वाचक आहारतज्ज्ञ लिहितात : मध्यम आकाराच्या रुग्णालयात सहा वर्षं काम करते आहे. या विभागात मी एकटीच. अडलं तर विचारायला शेजारच्या टेबलावर कोणी नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी लिंक्डइनवर आले. आज १४०० कनेक्शन आहेत, शिवाय नऊ व्हॉट्सॲप ग्रुप. मध्यंतरी लहान आतड्याचा बराच भाग गमावलेल्या एका रुग्णासाठी एका ग्रुपवर विचारलं, ‘शॉर्ट बॉवेलच्या पेशंटला प्रोटीन किती द्यावं?’ दोन अंगठे आले, एक जोडलेले हात आले आणि एक साठ पानी पीडीएफ आली. दुसऱ्या दिवशी वैतागून रिपोर्टचा फोटोच टाकला. खालच्या पट्टीत रुग्णाचं नाव राहून गेलं होतं. एका ज्येष्ठ मॅडमनी सगळ्यांसमोर झापलं. फोटो काढून टाकला, पण त्यानंतर मी कुठेच काही लिहिलेलं नाही. माझी एक वर्गमैत्रीण रोज रील करते, तिचे हजारो फॉलोअर आहेत. ती म्हणते, दिसत राहिलं नाही तर कोणी विचारत नाही. आता एका सप्लिमेंट कंपनीने ‘ब्रँड ॲम्बेसेडर’ होण्याबद्दल विचारलंय. त्यांच्या ‘तज्ज्ञांच्या ग्रुप’मध्ये घेऊ म्हणतात. रोज दोन तास काढून पोस्ट आणि रील सुरू करू, कंपनीला हो म्हणू, की हे सगळं बंद करून पुस्तकांकडे परत जाऊ?

उत्तर : तुम्ही तीन वाटा मांडल्या आहेत, पण तिन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे : लोक मला ओळखत नाहीत, म्हणून उत्तर देत नाहीत. ही समजूत जरा बाजूला ठेवून बघा. तुमचं नाव १४०० जणांच्या यादीत आहे. तो प्रश्न ग्रुपमधल्या शे-दीडशे जणांनी तरी वाचला असेल, आणि त्यात शॉर्ट बॉवेलचे रुग्ण रोज पाहणारं कोणी ना कोणी असणारच. त्या व्यक्तीने वाचलं, मनात म्हटलं ‘अवलंबून आहे’, आणि पुढे गेली. तुम्ही तिला दिसलात, पण तुमच्या प्रश्नाला तिला उत्तर देता येईना.

का येईना, ते तुम्हाला ठाऊक आहे, फक्त घाईत सुटलं. शॉर्ट बॉवेलमध्ये पहिली माहिती लागते ती लहान आतडं किती शिल्लक आहे आणि मोठं आतडं जोडलेलं आहे की नाही, याची. मोठं आतडं जोडलेलं असेल तर न पचलेल्या कर्बोदकांपासून तिथे फॅटी ॲसिड तयार होतात आणि त्यातून ऊर्जा मिळते. म्हणून कर्बोदकं जास्त, स्निग्ध कमी, आणि मुतखड्याच्या भीतीने ऑक्झलेटवर लक्ष. आतडं जेजुनोस्टोमीत (पोटावर उघडणाऱ्या लहान आतड्याच्या तोंडात, म्हणजे स्टोमात) संपत असेल तर हे सगळं गणित बदलतं. तिथे ऑक्झलेटची चिंता नसते, स्निग्ध पदार्थांवर तेवढी बंधनं नसतात, आणि खरा घोळ असतो पाण्याचा, सोडियमचा आणि मॅग्नेशियमचा. प्रथिनांचं शोषण त्या मानाने कमी बिघडतं. म्हणजे तुम्ही विचारलेला भाग त्या केसमधला सर्वांत कमी अडचणीचा होता. जाणकार माणसाला तुमच्या ओळीवर उत्तर द्यायचं तर आधी सहा उलट प्रश्न विचारावे लागले असते, आणि रात्री साडेनऊला फोनवर तेवढं कोण टाइप करणार?

हाच प्रश्न पुढीलप्रमाणे गेला असता तर बघा (आकडे नमुन्याचे आहेत) :

> पन्नाशीतली स्त्री. लहान आतडं अंदाजे ११० सेंमी शिल्लक, शेवट जेजुनोस्टोमीत, मोठं आतडं जोडलेलं नाही. शस्त्रक्रियेला काही आठवडे झाले. वजन ४४ किलो, उंची १५६ सेंमी, वजनात १२ टक्के घट. स्टोमातून रोज सुमारे २४०० मिली. तोंडाने १६०० किलोकॅलरी, ६० ग्रॅम प्रथिनं. पाणी, चहा, रस मिळून अडीच लिटर. लघवीतलं सोडियम १२ मिलिमोल/लिटर, रक्तातलं मॅग्नेशियम ०.५५ मिलिमोल/लिटर. लोपरामाइड जेवणाआधी सुरू आहे. साधं पाणी आणि रस कमी करून सोडियम ९० मिलिमोल/लिटरचं द्रावण सुरू करतोय. अडचण : खारट म्हणून ती ते पीत नाही. तुमच्या अनुभवात रुग्णाने ते कशामुळे घेतलं? थंड करून, चव घालून, दिवसभरात विभागून?

यात तुम्ही गृहपाठ केल्याचं दिसतं. लघवीतलं सोडियम २० च्या खाली आहे, म्हणजे शरीर सोडियमला पारखं झालंय, हे तुम्हाला कळलेलं आहे. साधं पाणी वाढवलं की स्टोमातून बाहेर पडणारं प्रमाण आणखी वाढतं, हेही कळलेलं आहे. आणि प्रश्न अशा गोष्टीचा आहे जी मार्गदर्शक तत्त्वांत दोन ओळींत उरकलेली असते, पण वॉर्डात रोज झगडून शिकावी लागते. पुस्तकात ज्याचं उत्तर आहे ते विचारलं की पीडीएफ येते. तशी ती येणं रास्तच आहे. हाताखालून गेलेल्या रुग्णांचं विचारलं की लोक आपणहून बोलू लागतात. तेव्हा ग्रुप आणि पुस्तक यांत निवड करायची नाहीये. पुस्तक आधी, ग्रुप नंतर.

दोन लहानशा गोष्टींनी चांगले प्रश्नही वाया जातात. पहिली, एककं. फॉस्फेट ‘०.६’ लिहिलं तर मिलिमोल/लिटर वापरणाऱ्याला ते कमी वाटतं, आणि मिलिग्रॅम/डेसिलिटर वापरणारा हादरतो किंवा टाइप करताना चूक झाली असं समजतो. १ मिलिमोल/लिटर फॉस्फेट म्हणजे सुमारे ३.१ मिलिग्रॅम/डेसिलिटर, साखरेला हाच गुणक १८ आहे. ऊर्जा कुठे किलोकॅलरीत लिहितात, कुठे किलोज्यूलमध्ये (१ किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल). एकक प्रत्येक आकड्यापुढे लिहा, मग वाचणारा कोणत्याही देशातला असो. दुसरी, आहाराची नावं. ‘सॉफ्ट डाएट’चा अर्थ दर रुग्णालयाला बदलतो. गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णाबद्दल विचारताना ‘आयडीडीएसआय’ या अन्नाच्या मऊ-घट्टपणाच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवरची ० ते ७ यांतली पातळी लिहिली की वाद मिटतो : प्रौढांसाठी पातळी ५ म्हणजे ४ मिलिमीटरचे मऊ, ओलसर कण आणि पातळी ६ म्हणजे दीड सेंटिमीटरपर्यंतचे मऊ तुकडे. यातली चूक रुग्णाच्या घशाशी येऊ शकते.

आता त्या फोटोबद्दल. मॅडमनी सर्वांसमोर बोलायला नको होतं, खासगीत सांगता आलं असतं. पण त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि तुम्ही समजता त्यापेक्षा नुकसान मोठं असू शकतं. ग्रुपवरचा फोटो कित्येकांच्या फोनमध्ये आपोआप उतरतो, गॅलरीत जातो, तिथून क्लाउडवर जातो. तुम्ही तुमच्याकडून पुसलात तरी त्या सगळ्या प्रती पुसल्या जातीलच असं नाही. व्हॉट्सॲपचे संदेश वाटेत कुलूपबंद असतात हे खरं, पण पोचल्यावर ते प्रत्येकाच्या फोनमध्ये उघडेच असतात, आणि तो फोन कोणाकोणाच्या हातात असतो ते आपण बघायला जात नाही. रुग्णालयाच्या नियमांनुसार हा प्रकार वरिष्ठांना कळवायचा असेल आणि अजून कळवला नसेल, तर आधी ते करा.

यापुढे रिपोर्टचा फोटो टाकूच नका. कापून, रंगवून, नाव झाकूनही नको. बारकोड राहतो, नोंदणी क्रमांक राहतो, कोपऱ्यात डॉक्टरांचं नाव राहतं. आकडे हाताने टाइप करा. नावाखेरीज आणखी काय गाळायचं याचा अंदाज हवा असेल तर रुग्णांच्या गोपनीयतेसाठीच्या अमेरिकेच्या ‘हिपा’ नियमांतली ओळख पटवणाऱ्या १८ गोष्टींची यादी डोळ्यांखालून घाला. कायदा तुमच्या देशाचाच लागू होईल, पण ती यादी तपासणीसाठी चांगली आहे. त्यात वर्ष सोडून बाकी तारखा येतात, ८९ च्या पुढचं वय येतं, पूर्ण चेहऱ्याचा फोटो येतो. एक गोष्ट मात्र कोणतीच यादी तुमच्यासाठी पकडणार नाही : तुमच्या प्रोफाइलवर रुग्णालयाचं नाव आहे. ‘काल आमच्याकडे दाखल झालेली’ असं लिहून पुढे दुर्मीळ आजाराचं नाव टाकलंत, की रुग्णाच्या नातेवाइकाला तिचं नाव वाचायची गरजच उरत नाही. म्हणून वय दशकात लिहा, दिवस सांगू नका, आणि आजार फार विरळ असेल तर ग्रुप सोडा, एकाच व्यक्तीला विचारा.

कोणाला विचारायचं, इथेच खरी मेहनत आहे. तुम्हाला १४०० माणसं लागत नाहीत. पंधरा-वीस लागतात, आणि ती तुमच्या कामाच्या वाटेवरची असावी लागतात : किडनीचे रुग्ण पाहणारी दोघं, नळीवाटे आहार देण्यात मुरलेली दोघं-तिघं, नवजात बाळांसोबत काम करणारं कोणी, गिळण्याच्या त्रासासाठी एक स्पीच थेरपिस्ट, औषध आणि आहार यांच्या भानगडींसाठी एक क्लिनिकल फार्मासिस्ट. शेवटची दोन नावं आहारतज्ज्ञांच्या यादीत नाहीत म्हणून सुटतात, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त लागतात. एका वहीत दोन रकाने आखा : माझ्याकडे कोणते रुग्ण येतात, आणि त्यांपैकी कशात मी अडते. दुसऱ्या रकान्यातली प्रत्येक ओळ म्हणजे शोधायचा एक माणूस.

तो सापडतो कुठे? आपल्या विषयावरचा शोधनिबंध पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत) काढा आणि लेखकांच्या यादीत डाएटिशियन शोधा. पत्रव्यवहारासाठी ज्यांचं नाव दिलेलं असतं ते बहुधा विभागप्रमुख असतात, आणि त्यांच्या ई-मेलचा डोंगर झालेला असतो. यादीत मध्येच कुठेतरी नाव असलेल्या डाएटिशियनने प्रत्यक्ष आहाराचं काम केलेलं असतं आणि सहसा तिला कोणी काही विचारत नाही. युरोपातल्या ‘एस्पेन’सारख्या क्लिनिकल पोषणाच्या संस्थांचे आणि तुमच्या देशातल्या आहारतज्ज्ञ संघटनेचे ऑनलाइन वर्ग, वेबिनार हीसुद्धा चांगली जागा आहे. पण वक्त्यांच्या मागे लागू नका. प्रश्नोत्तरांत नेमका प्रश्न विचारणारं नाव टिपून घ्या. ती व्यक्ती तुमच्याच जागी बसलेली आहे आणि तिलाही शेजारचं टेबल रिकामंच दिसतंय.

अशा व्यक्तीला ‘तुमच्या नेटवर्कमध्ये यायला आवडेल’ हे तयार वाक्य पाठवू नका. दोनशे अक्षरांत बसेल असं लिहा : मी कोण, तुमचं नेमकं काय वाचलं किंवा ऐकलं, आणि त्यातलं काय वापरलं. पहिल्याच निरोपात मदत मागू नका. ई-मेल असेल तर दीडशे शब्द पुरे; निबंधातला तक्ता क्रमांक लिहा, म्हणजे वाचल्याचं कळतं. प्रश्न एक. रुग्णाची कागदपत्रं जोडायची नाहीत. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एक आठवण, मग थांबा. न येणाऱ्या उत्तरांचं मनावर घेऊ नका. लोक नोकऱ्या बदलतात, पत्ते बंद पडतात.

उत्तर आल्यावर बहुतेक जण एक चूक करतात : ‘थँक्यू मॅम’ लिहून गायब होतात. दोन आठवड्यांनी चार ओळी पाठवा. ‘द्रावण थंड करून दर तासाला थोडं थोडं दिलं, स्टोमा २४०० वरून १७०० वर आला, मॅग्नेशियम अजून कमीच आहे.’ उत्तर देणाऱ्याला आपल्या सल्ल्याचं पुढे काय झालं हे क्वचितच कळतं. जो कळवतो त्याचा पुढचा प्रश्न आधी वाचला जातो. सल्ला फसला असेल तरीही कळवा, विशेषतः तेव्हा. ग्रुपवर विचारलं असेल तर आठवडाभराने आलेली उत्तरं दहा ओळींत एकत्र करून परत टाका. तुमची मैत्रीण ज्याला ‘दिसत राहणं’ म्हणते ते यातूनही होतं, आणि समव्यावसायिकांच्या डोळ्यांत होतं.

अर्थात, आलेलं उत्तर हा एक धागा आहे. त्याला वैद्यकीय आदेश समजू नका. उदाहरणार्थ, रीफीडिंगचा (उपासमारीनंतर एकदम अन्न दिल्याने रक्तातले क्षार घसरण्याचा) धोका असलेल्या रुग्णाला पहिल्या दिवशी किती ऊर्जा द्यायची असं विचारलंत, तर एक जण किलोमागे जास्तीत जास्त १० किलोकॅलरी म्हणेल, दुसरा १० ते २० म्हणेल. दोघंही मनचं बोलत नाहीत : पहिल्यामागे ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेचं मार्गदर्शन आहे, दुसऱ्यामागे अमेरिकेतल्या ‘ॲस्पेन’ या पोषणविषयक संस्थेचं २०२० मधलं सहमतीपत्र. म्हणून ‘किती?’ बरोबर ‘कशावरून?’ हेही विचारा. रुग्णाच्या नोंदीत मूळ मार्गदर्शनाचा उल्लेख जाईल, ‘ग्रुपवर सांगितलं’ असं कधीच जाणार नाही, आणि निर्णय तुमच्या टीमचाच असेल.

प्रोफाइलवर फार वेळ घालवू नका, एक संध्याकाळ पुरे. लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीला २२० अक्षरं मिळतात. तिथे ‘आरोग्याची आवड असलेली पोषणप्रेमी’ असलं काही नको. पदवी, नोंदणी, रुग्णांचा प्रकार एवढंच लिहा, कारण ‘डाएटिशियन’ हा शब्द काही देशांत कायद्याने राखीव आहे आणि काही देशांत कोणीही लावू शकतो. वाचणाऱ्याला तुम्ही यातल्या कोणत्या बाजूच्या हे एका ओळीत कळलं पाहिजे. काही प्रकाशित केलं असेल किंवा करायचा विचार असेल तर ‘ऑर्किड’ हा संशोधकाची ओळख सांगणारा १६ अंकी क्रमांक घ्या. फुकट मिळतो, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्यांचे किंवा सारख्या नावांच्या लोकांचे शोधनिबंध एकमेकांत मिसळत नाहीत.

रीलबद्दल माझं मत सरळ आहे : तो धंदा वाईट नाही, पण वेगळा आहे. रील सामान्य लोक बघतात, आणि त्यांच्याकडून येणारे निरोप ‘माझं वजन अमुक, काय खाऊ?’ या जातीचे असतात. खासगी दवाखाना चालवणाऱ्याला ते हवेच असतात. तुम्हाला वॉर्डातल्या प्रश्नाला सोबत हवी आहे, आणि त्यासाठी दिवसाचे दोन तास देणं म्हणजे तहान लागली म्हणून तळं खोदायला घेणं. पुढेमागे करावंसं वाटलं तर अकाउंट वेगळं ठेवा आणि निरोपांतून कोणालाही वैयक्तिक आहार सांगू नका. न तपासलेल्या रुग्णाची जबाबदारी अशीच गळ्यात पडते. आत्ता तुम्हाला आठवड्याचे दोन तास पुरतात. अर्धा तास वाचायला, तासभर दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला, उरलेला स्वतःच्या प्रश्नाला. हो, उत्तरांना जास्त. सहा वर्षं एकटीने विभाग सांभाळला आहे, तेव्हा कोणाला तरी हवं असलेलं उत्तर तुमच्याकडेही आहे.

कंपनीला मात्र मी नाही म्हणेन. पैशाचा प्रश्न तर आहेच, पण त्या ‘तज्ज्ञांच्या ग्रुप’चा ॲडमिन कोण, हे आधी विचारा. कंपनीचा माणूस असेल तर ती सदस्यांची यादी म्हणजे तिची ग्राहकयादी आहे, आणि तिथे तुम्ही टाकलेला प्रत्येक प्रश्न विक्री विभागाला फुकट मिळालेली माहिती. शिवाय हा शिक्का लवकर पुसत नाही : वैद्यकीय नियतकालिकांत वापरला जाणारा हितसंबंधांचा फॉर्म गेल्या ३६ महिन्यांतले संबंध विचारतो. कंपनी बाळांसाठीचं डब्याचं दूधही विकत असेल तर विचारसुद्धा करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८१ च्या संहितेनुसार अशा उत्पादकांनी आपला माल खपवण्यासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना पैशाची किंवा वस्तूंची आमिषं द्यायची नाहीत, आणि आपणही ती घ्यायची नाहीत. यापूर्वी या कंपनीकडून काही घेतलं असेल, अगदी परिषदेचं शुल्कसुद्धा, तर तिच्या उत्पादनाबद्दल कुठेही लिहिताना पहिल्या ओळीत ते सांगा.

नऊ ग्रुपांपैकी सहा आज सोडलेत तरी काही बिघडणार नाही. गेल्या महिन्याचे संदेश वर सरकवून बघा : जिथे एका तरी केसवर दोघांनी मतभेद दाखवले, तो ग्रुप ठेवा. जिथे फक्त सुप्रभात आणि वेबिनारची पोस्टर आहेत, तिथून शांतपणे बाहेर पडा. मोठ्या ग्रुपमध्ये तुमचा फोन नंबर सगळ्या सदस्यांना दिसू शकतो, हे निदान या निमित्ताने लक्षात ठेवा.

आणि तुमच्या यादीतलं पहिलं नाव माझ्या मते ठरलेलं आहे : त्या झापणाऱ्या मॅडम. नऊ ग्रुपांत तुमचा रिपोर्ट खालच्या पट्टीपर्यंत वाचणारी ती एकच व्यक्ती निघाली. इतक्या बारकाईने वाचणारं माणूस मिळणं सोपं नाही. या आठवड्यात त्यांना खासगीत एवढंच पाठवा :

> नमस्कार मॅडम. त्या दिवशी रिपोर्टवर नाव राहिलं होतं, तुम्ही लक्षात आणून दिलंत म्हणून फोटो लगेच काढता आला. आता फोटो टाकत नाही, आकडे टाइप करते. तोच प्रश्न नीट लिहून काढला आहे, नाव-गाव काही नाही. सवडीने पाच मिनिटं मिळाली तर पाठवू का?